इन्नंबूरला नेलेली भिंत

नरसिंहरावांनी ती बातमी सांगायला मुद्दाम रविवारची सकाळ निवडली. भवानीला त्या दिवशी शाळा नसते हे त्यांना ठाऊक होतं, आणि वाईट गोष्ट माणसाला घाईत सांगू नये अशी त्यांची समजूत होती. ते घरमालक. भवानी आणि तिचे वडील अप्पाजी त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत अकरा वर्षं भाड्यानं राहत होते. तंजावरकडच्या जुन्या मराठी कुटुंबांतलीच दोन्ही घरं, त्यामुळे भाडेकरू-मालक असं फारसं वागणं नव्हतंच.

"भवानीअक्का," नरसिंहराव ओट्यावर बसत म्हणाले, "थोरला मद्रासेहून बदली होऊन येतो आहे. सून, तीन लेकरं. त्यांना ठेवू कुठं? परसात खोल्या घालाव्या म्हणतो. तुमच्या खोल्यांना हात लावत नाही. पण ती मातीची भिंत मात्र जाईल."

"कधी?"

"पोंगल झालं की. तै महिन्यात पाया घालायचा."

एवढं बोलून ते आपल्या पायांच्या बोटांकडे पाहत राहिले. ही भिंत म्हणजे भवानीला काय आहे, हे त्या गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं.

जुना गोठा कधीचाच पडला होता. त्याची पूर्वेकडची भिंत तेवढी उरली होती, छातीएवढी उंच, दहा-बारा हात लांब. वर नारळाच्या झापांचं छप्पर घातलेलं, म्हणून पावसापासून वाचलेली. त्या भिंतीत शेकडो भोकं होती, करंगळी जाईल एवढी. प्रत्येक भोक एकेका माशीनं कोरलेलं. माशी मधमाशीएवढीच, पण अंगानं गोल, आणि काळ्या पोटावर आकाशी निळे पट्टे. हिला राणी नसते, पोळं नसतं, की काढून घ्यावा असा मध नसतो. एकेक मादी एकटीच माती कोरते, आत मडक्यासारखी उभी कोठडी करते, तीत फुलांतला पराग आणि रस कालवून पातळ खीर भरते, खिरीवर एक अंडं तरंगत ठेवते आणि वरून मातीचं झाकण लावते. पिल्लू ती खीर खाऊन आतच वाढतं आणि दिवस भरले की माती फोडून बाहेर येतं. आईची आणि त्याची बहुधा भेटही होत नाही.

भवानी मुलींच्या शाळेत निसर्गाचा विषय शिकवायची. वय अडतीस. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला, मग वडिलांनी शिकवलं. सहा वर्षं ती या भिंतीची वही ठेवत होती. किती भोकं उघडी, किती लिंपलेली, कोणत्या महिन्यात कोण उडतं. परसातल्या इतर रानमाश्यांचीही नोंद होती त्यात. बांबूच्या वाशात राहणारा काळा भुंगा, गुलाबाच्या पानांचे गोल तुकडे कापून नेणारी माशी, खांबाच्या फटीत डिंकाची नळी करून राहणाऱ्या, डंखच नसलेल्या चिमुकल्या माश्या. एकूण चौदा जाती. पण जीव होता तो या निळ्यांवर, आणि त्यालाही एक कारण होतं.

चार वर्षांपूर्वी मलेरियाविरुद्ध डीडीटी मारणारी माणसं गल्लीत आली होती. त्यांनी घराच्या खोल्या फवारल्या आणि ती निघाली. तेव्हा भवानीनंच त्यांना हाक मारली, "मागं एक भिंत आहे, भोकाभोकांत डास बसत असतील, तिथंही मारून जा." त्यांनी मारलं. आठ दिवस भिंतीखाली निळ्या माश्या पडत होत्या. पुढच्या वर्षी तिनं मोजलं तर अकरा भोकं चालू होती. त्या वर्षी परसातल्या वांग्यांना फुलं आली तशी बरीचशी गळून गेली. जी वांगी लागली ती लिंबाएवढी, वाकडी.

दोन गोष्टींचा संबंध प्रथम लागला तो अप्पाजींना. ते मरुदानल्लूरच्या मठातल्या भजनात तंबोरा धरत, आणि कान सुराला सरावलेला. एकदा पोथी वाचता वाचता ते म्हणाले, "पोरी, ही माशी उडते त्या सुरात फुलावर बसत नाही. फुलाला धरलं की सूर वर चढतो. ऐक."

भवानीनं जवळ जाऊन पाहिलं. माशी वांग्याच्या फुलाला मिठी मारून पंख न हलवता सगळं अंग थरथरवत होती, आणि फुलाच्या पिवळ्या नळ्यांतून पराग पिठासारखा झडत होता. वांग्याच्या फुलाचा पराग मिठाच्या डबीतल्यासारखा बंद असतो, टोकाला फक्त बारीक भोकं. हलवल्याशिवाय सांडत नाही. वारा थोडा हलवतो. ही माशी पुरता हलवते. मधमाशीला ते जमत नाही.

त्या अकरा भोकांची पुन्हा दीडशे व्हायला तीन वर्षं लागली. चार वर्षं भवानीनं कुणाला सांगितलं नाही की फवारा आपणच मारायला लावला होता. आणि आता ही भिंत जायची होती.

त्या दिवशी ती जेवली नाही. अप्पाजींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नरसिंहरावांचं काय चुकलं? लेकरांना छप्पर नको?"

"त्यांचं चुकलं असं कोण म्हणतो? तुझ्यापाशी तोड आहे का, एवढंच विचारतो."

तोड निघाली ती मणीकडून. मणी मातीच्या भिंती घालणारा म्हातारा, साठीचा, आणि ही भिंत पाडायचं काम त्यालाच दिलेलं. तो जागा बघायला आला तेव्हा भवानीनं त्याला तमिळमध्ये सगळं समजावलं. लिंपलेली भोकं दाखवली, आत काय असतं ते सांगितलं. मणीनं भिंतीवर तळवा फिरवला, नखानं माती खरवडली, जिभेला लावून पाहिली.

"चांगली माती आहे, अम्मा. कालवताना भुसा घातला आहे," तो म्हणाला. "भिंत पाडता येते तशी कापताही येते. ओंडके कापायची दोन माणसांची करवत लागेल. करवत वाया जाईल, पण भिंत निघेल. तुकड्यातुकड्यानं."

"आणि न्यायची कुठं?"

"ते तुम्ही बघा."

भवानीनं वही उघडली. सहाही वर्षांत मार्गळीच्या मध्यापासून, म्हणजे डिसेंबरअखेरपासून, तै संपेपर्यंत एकही निळी उडताना दिसलेली नव्हती. त्या दिवसांत सगळं घर आत झोपलेलं. भिंत हलवायची तर तेव्हाच. उडणाऱ्या माश्या असत्या तर त्या संध्याकाळी जुन्याच जागी परत आल्या असत्या.

जवळच्याच इन्नंबूर गावी तिचा चुलतभाऊ सेतुराम राहत होता. भातशेती, गोठा, आणि वांग्याचा मळा. गोठ्याचं तोंड पूर्वेला, पुढे खोल वळचण. जागा याहून बरी मिळाली नसती. पण सेतुरामनं ऐकल्याबरोबर हात झटकले.

"माश्यांची भिंत? माझ्या गोठ्याला? बैल चावून घेतील आणि मला लाथा घालतील."

"या चावत नाहीत, सेतू. मुठीत धरून दाबलीस तरच."

"आणि मला त्यांचा उपयोग काय?"

भवानीनं पिशवीतून शाळेचा ट्युनिंग फोर्क काढला, तो दोन टोकांचा पोलादी काटा. मळ्यात जाऊन तिनं एक ताजं वांग्याचं फूल निवडलं, त्याखाली सेतुरामचा तळवा धरला, काटा स्वतःच्या गुडघ्यावर आपटला आणि घुमता घुमता फुलाच्या देठाला लावला. सेतुरामच्या काळ्या तळव्यावर पिवळी पूड सांडली.

तो बघतच राहिला. "पुन्हा कर."

तिनं दुसऱ्या फुलाला लावला. मग त्यानं स्वतः लावून पाहिला, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या फुलाला, आणि बायकोला ओरडून बोलावलं, "गोदा! इकडे ये, हे बघ!" गोदा ओल्या हातानं आली, बघून गेली आणि जाताना म्हणाली, "आणू दे की भिंत. गोठ्याला तेवढीच सावली."

नरसिंहरावांनी भिंत हलवायला पोंगलनंतर चार दिवसांची सवड दिली. चौथ्या दिवशी मणी आणि त्याचा जावई करवत घेऊन आले. छपराखालची माती कोरडी होती, करवतीखाली धूर निघावा तशी धूळ उडत होती. माश्यांच्या कोठड्या भिंतीत फार खोल नसतात, म्हणून मणीनं पुढची वीतभर जाडीच कापायची ठरवली. भोकं दाट होती त्या पट्ट्यातून सव्वा हात लांब, हातभर उंच असे आठ ठोकळे. प्रत्येकाभोवती ओलं गोणपाट, वरून काथ्याचे वेढे, खाली फळी.

"आडवा करायचा नाही," भवानी दर ठोकळ्याला बजावत होती. "मडक्यात खीर आहे. कलंडली तर आतलं पिल्लू बुडेल."

"अम्मा, मी पाच मुलींची डोली उचलली आहे," मणी शेवटी वैतागून म्हणाला. "मला कळतं."

नरसिंहरावही आले. त्यांनी धोतर वर खोचलं आणि मणी, जावई आणि गाडीवानासोबत चौथा माणूस म्हणून फळीला हात लावला. "माझ्या परसातून निघालेली वरात आहे," ते म्हणाले. "मी नको का?"

बैलगाडीत खाली गवताचा जाड थर घातला होता. चार ठोकळ्यांची पहिली खेप सुखरूप पोचली. दुसऱ्या खेपेला इन्नंबूरच्या अलीकडे, कालव्यावरच्या मोरीपाशी, गाडीचं चाक खड्ड्यात गेलं. फार मोठा धक्का नव्हता, पण भवानी गाडीमागून चालत होती आणि तिनं तो आवाज ऐकला. सुकं मडकं तडकतं तसा.

सहावा ठोकळा मधोमध उभा चिरला होता. गोणपाट सोडल्यावर चिरेतून माती ढासळली आणि आतल्या दोन कोठड्या उघड्या पडल्या. एकीत पांढरं, गुबगुबीत, अर्धवट वळलेलं पिल्लू होतं. दुसरी फुटली होती आणि तिच्यातलं पिल्लू चेंगरलं होतं. भवानी रस्त्यात खाली बसली.

मणी कालव्याकडे गेला, ओंजळभर चिखल घेऊन आला, त्यात गाडीतलं गवत बारीक तोडून मळलं आणि दोन्ही अर्धे ठोकळे एकमेकांना जुळवून बाहेरून चीर लिंपली. उघड्या पडलेल्या जिवंत पिल्लावर त्यानं आधी कोरड्या मातीचं पातळ झाकण धरलं, मग वरून चिखल.

"एक गेलं," तो म्हणाला. "बाकीची आत आहेत. उठा अम्मा, ऊन वाढतं आहे."

संध्याकाळपर्यंत आठही ठोकळे गोठ्याच्या वळचणीखाली, पूर्वेकडे तोंड करून, एकावर एक रचले गेले. मणीनं सांधे भरले. भवानीनं गोदाला सांगितलं, "तुला दूध काढायला रोज इथं यायचंच. एक नजर टाकत जा. काही निघालं तर पत्र टाक."

मग वाट बघणं सुरू झालं. तै संपला. परसात नरसिंहरावांच्या खोल्यांचा पाया भरला गेला आणि विटा चढू लागल्या. भवानी दर शनिवारी शाळा सुटल्यावर बस पकडून इन्नंबूरला जायची आणि भिंतीपुढे बसायची. ठोकळे मुके. एकदा मुंग्यांची रांग लागली होती. तिनं ती राख टाकून वळवली. मासी महिना उजाडला, वांग्याला पुन्हा जांभळी फुलं लागली, आणि वहीप्रमाणे पहिली निळी माशी ज्या आठवड्यात दिसायची तो आठवडाही उलटून गेला. तिला रात्रीचं अन्न जाईना. फवारा आपणच मारायला लावला, आता भिंतही आपणच हलवली. एकदा चूक अजाणता झाली होती. या वेळी मात्र सगळं ठरवून केलं होतं.

तिनं एके दिवशी न राहवून अप्पाजींना ते डीडीटीचं सांगितलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "मी तेव्हा ओट्यावरच होतो की. तूच त्यांना हाक मारलीस. मलाही वाटलं, डास मरतील तर बरंच. मी कुठं थांबवलं?"

"मग चार वर्षं बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून."

भवानीला हसावं की रडावं कळेना. पण त्या रात्री ती जेवली.

गोदाचं पोस्टकार्ड आलं ते बुधवारी. 'निळी माशी निघाली. दोन दिसल्या. हे म्हणतात लवकर या.' भवानीनं शाळेत अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि दुपारच्या बसनं गेली. सेतुराम गोठ्यापुढे उभा होता, लग्नघरच्या यजमानासारखा.

"ती बघ! ती!"

भिंतीवर एक माशी उन्हात बसली होती. काळीभोर, आणि अंगावर निळे, चमकते ठिपके. पट्टे नव्हते.

"सेतू, ही ती नाही," भवानी म्हणाली.

"म्हणजे?"

"ही चोर माशी. ही स्वतः घर बांधत नाही. निळीच्या कोठडीत गुपचूप अंडं घालते. हिचं पिल्लू निळीच्या पिल्लाला मारतं आणि तिची खीर खाऊन वाढतं."

सेतुरामनं पायातली वहाण काढली. भवानीनं त्याचा हात धरला. "नको. ही पण त्याच भिंतीतली आहे. वहीत दर वर्षी पाच-सहा असतात. हिला मारून निळ्या थोड्याच येणार आहेत?"

ती तिथंच जमिनीवर बसून राहिली. आणखी एक चोर माशी बाहेर आली आणि उडून गेली. दीडशे भोकांतून फक्त दोन चोर. बाकीचं सगळं आत मेलं असेल, धक्क्यानं, कलंडून, दमटपणानं. ती मनातल्या मनात नरसिंहरावांना, मणीला, शाळेतल्या मुलींना काय सांगायचं ते जुळवू लागली.

गोदा ताकाचा तांब्या घेऊन आली, आणि तांब्या हातात देता देता थबकली.

"अक्का, इथं खाली ही माती कसली? मी सकाळीच झाडलं होतं."

सहाव्या ठोकळ्याखाली, मणीनं लिंपलेल्या चिरेखाली, जमिनीवर बारीक मातीचा चिमूटभर ढीग होता. भवानीनं वर पाहिलं. चिरेजवळच्या एका लिंपलेल्या भोकाच्या मध्यभागी मोहरीएवढं छिद्र पडलं होतं, आणि त्यातून मातीचे कण आतून बाहेर ढकलले जात होते. छिद्र ज्वारीच्या दाण्याएवढं झालं. मग दोन मिशा बाहेर आल्या. मग पिवळसर तोंड. ते तोंड बराच वेळ तसंच राहिलं, जणू ऊन किती आहे ते बघत होतं. आणि मग सगळी माशी बाहेर निघाली, भिंतीवर बसली, पाय पुसले, पंख ताणले. पोटावर निळे पट्टे होते. एक, दोन, तीन, चार, पाच.

"पाच पट्टे, म्हणजे नर आहे," भवानी कुजबुजली. "नर आधी निघतात. माद्या मागून. सेतू, नर आधी निघतात!"

आवाज एवढा मोठा झाला की बैलानं मान वळवली. भवानीचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती, आणि ताकाचा तांब्या तिच्या हातात वाकडा होऊन अर्धं ताक लुगड्यावर सांडलं होतं. गोदानं तांब्या काढून घेतला आणि स्वतःच्या पदरानं तिचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं.

त्या दुपारी सात नर निघाले. शनिवारपर्यंत तीसच्या वर. पुढच्या आठवड्यात माद्या निघू लागल्या, आणि भवानीला खरी भीती होती ती आताच. निघालेली मादी उडून दुसरीकडे गेली तर भिंत आणून काय मिळवलं? पण त्या शनिवारी गोदानंच हाक मारली. एक मादी वरच्या ठोकळ्यात तोंडानं माती ओली करून नवं भोक कोरत होती. दुसरी जुनंच भोक साफ करत होती. सेतुराम मळ्यातून धावत आला आणि सांगू लागला की वांग्यात सगळीकडे तिनं सांगितलेला तो वरचा सूर ऐकू येतो आहे, त्यानं स्वतः ऐकला.

पुढच्या रविवारी भवानीनं अप्पाजींना आणलं, आणि न बोलावता नरसिंहरावही आले, थोरल्या मुलाच्या धाकट्या लेकीला कडेवर घेऊन. मणी सकाळीच येऊन सांधे तपासून गेला होता. ऊन उतरलं तसे नर मळ्याच्या कडेच्या एका सुक्या काटकीवर येऊन बसू लागले. बसू लागले म्हणण्यापेक्षा काटकीला जबड्यानं चावून, पाय सोडून लटकू लागले, एकाशेजारी एक, ओळीनं. घर माद्यांचं, नरांनी अशी बाहेर रात्र काढायची.

"हे आमच्यासारखंच," नरसिंहराव म्हणाले. "खोल्या बांधून झाल्या, सून आली, आणि मी ओट्यावर झोपतो."

अप्पाजी मोठ्यानं हसले. कडेवरच्या पोरीनं काटकीकडे बोट दाखवलं आणि एकेक मोजू लागली. ती नऊपर्यंतच जाऊ शकत होती, म्हणून पुन्हा एकपासून सुरुवात करी. भवानी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. तिनं वही आणलीच नव्हती. पाठ भिंतीला टेकवून तिनं डोळे मिटले, आणि महिन्याभरात प्रथमच तिला बसल्या जागी झोप लागली. शेवटची बस यायची वेळ झाली तेव्हा गोदानं तिला उठवलं.